साडेपाच तासांचा फरक

आमच्या घरात कूलर आला तो माणसांसाठी नाही, कॉम्प्युटरसाठी. त्याआधीचे देऊळघाटचे सगळे उन्हाळे आम्ही ओल्या पंचावर आणि अंगणातल्या लिंबाखाली काढले होते, आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण दादाने अकोल्याहून कॉम्प्युटर जोडून आणला, आणि जोडून देणाऱ्याने निघताना सांगितलं की ह्याला गरमी सहन होत नाही. आठ दिवसांच्या आत मागच्या खोलीच्या खिडकीत पत्र्याचा थोराड कूलर बसला. तो सुरू झाला की खोलीत मळणीयंत्र चालल्यासारखं वाटे. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागे. बाबा दुपारी मळ्यातून आले की दाराशी उभे राहून दोन मिनिटं वारा घेत आणि म्हणत, "या मशीनचं नशीब पाय बे." आत मात्र येत नसत. पायाला माती आहे, म्हणत.

बाबांचा मळा गावापासून पाऊण कोसावर होता. वांगी, मेथी, पालक, सांभार. (पुण्यात आल्यावर पहिल्यांदा मी सांभार मागितला तर दुकानदाराने मसाल्याची पुडी काढून दिली. कोथिंबीर म्हणायला मला बरीच वर्षं लागली.) पहाटे माय आणि बाबा भाजीच्या जुड्या बांधत. त्या बुलढाण्याच्या बाजारात जात, आणि घरात दिवसभर ओल्या मेथीचा वास राही. दादा बुलढाण्याच्या एका शाळेत मास्तर होता. मी तिथेच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, विषय कॉम्प्युटर. आमच्या घरात ह्या विषयाला फार मोठा मान होता. पाहुणे आले की माय मला हाक मारून पुढे उभी करी आणि सांगे, "हा कॉम्प्युटरमध्ये हाये." जणू मी तिथेच राहायला असतो.

रेखावहिनी दादाची बायको होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक प्रमाणपत्र आलं होतं, मराठी टायपिंगचं. ती मेहकरची. तिचे वडील शिंपी, घरात चार बहिणी, आणि ही थोरली बी.ए. होऊन टायपिंगची परीक्षा पास झालेली. ती टाइपरायटरवर शिकलेली असल्यामुळे कॉम्प्युटरच्या कळाही तशाच जोरात हाणायची. मी तिला म्हणालो होतो, "वहिनी, हळू. हे मारल्यानं जास्त उमटत नाही." ती हसली, पण हात काही हलका झाला नाही. माउस धरायला तिला मी शिकवलं, फाइल ठेवायला शिकवलं. आठ दिवसांनी ती मला विचारू लागली ते प्रश्न असे होते की मला पुस्तक उघडून पाहावं लागे. मी तिला तसं कधी कळू दिलं नाही. "उद्या सांगतो," म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजातून उत्तर घेऊन यायचो.

त्या उन्हाळ्यात दादाच्या शाळेची स्मरणिका निघायची होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ती टाइप करायचं काम दादाच्या ओळखीने वहिनीला दिलं. जूनमध्ये शाळेत कॉम्प्युटरची खोली सुरू होणार होती आणि तिथे एक बाई लागणार होती. काम चांगलं झालं तर त्या जागेसाठी वहिनीचाच विचार करू, असं मोठ्या बाईंनी दादाला सांगितलं होतं. वहिनीने एकदा मोठ्या बाईंना स्वतः भेटून यायची इच्छा मायजवळ बोलून दाखवली. माय म्हणाली, "काम घरी बसून होते ना? मंग जायाचं कायले?" विषय तिथे संपला. वहिनी रोज दुपारची भांडी आवरली की मागच्या खोलीत शिरायची आणि कूलर लावायची. समोरच्या दाराला आतून कडी, मागचं दार नुसतं लोटलेलं. अंगणात खाटांवर बाजरीच्या खारोड्या वाळत असायच्या आणि चिमण्या उडवायला कोणी नसायचं, म्हणून मायने त्यांच्यावर जुनं लुगडं पसरलेलं असायचं.

आता मी केलेल्या पहिल्या चुकीबद्दल. ती इतकी लहान होती की तिला चूक म्हणावं असं त्या वेळी कोणालाच वाटलं नसतं. एका मासिकाबरोबर मला लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटर चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीची, सीडी मिळाली. कॉलेजात त्याचं मोठं अप्रूप होतं. ज्याच्या घरी लिनक्स तो खरा. एका बुधवारी संध्याकाळी मी ते घरच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या शेजारी बसवलं. म्हणजे कॉम्प्युटर सुरू केला की पडद्यावर दोन नावं येत. वहिनीने विंडोज निवडायचं, मी लिनक्स. बसवताना ते बरेच प्रश्न विचारतं. त्यातला एक घड्याळाबद्दल होता: मशीनमधलं घड्याळ जागतिक वेळेवर चालतं का? मला प्रश्न नीट कळला नाही. जागतिक म्हणजे काहीतरी वरचं असणार, असं समजून मी "हो" निवडलं आणि पुढे गेलो. गुरुवारी सकाळी कॉलेजला जाण्याआधी तासभर लिनक्सवर बसलो, एक छोटा प्रोग्राम चालवला, मशीन बंद केलं आणि सायकल काढली.

त्याच गुरुवारी दुपारी चारच्या सुमारास बाबा वांग्याच्या ओळीत खाली बसले ते उठलेच नाहीत. तोंड वाकडं झालं, उजवा हात पडला. माय शेजारच्याच वाफ्यात होती. तिच्या हाकेने पलीकडच्या मळ्यातले नामदेवकाका धावत आले. आमच्या घरी फोन होता, आणि फोन केला तर बुलढाण्याहून गाडी मागवता आली असती, म्हणून काका तसेच अनवाणी आमच्या घराकडे पळाले. त्यांनी दार वाजवलं, हाका मारल्या, पुन्हा वाजवलं. कडी निघाली नाही. घराला वळसा घालून जायचं त्यांना सुचलं नाही. ते स्टँडकडे गेले. काळीपिवळी जीप मिळवून, ती मळ्यापर्यंत आणून बाबांना घालायला वर तासभर गेला. तो तासभर माय बाबांचं डोकं मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. पुढे ती त्या तासाबद्दल कधी बोलली नाही, पण त्यानंतर तिला वांगी खाताना मी पाहिलं नाही.

एक गोष्ट मला आजही छळते. तो लोडशेडिंगचा काळ होता. दिवसातून दोनदा-तीनदा लाइट जायचीच. त्या दिवशी लाइट गेलीच नाही. पाच मिनिटं जरी गेली असती तरी कूलर थांबला असता, आणि वहिनीला हाक ऐकू आली असती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जीव वाचला म्हणून सांगितलं. "थोडं लवकर आणायला पाहिजे होतं," असंही म्हणाले. सगळ्याच रुग्णांच्या नातेवाइकांना ते असं म्हणत असतील. दादाला त्या पाच शब्दांनी पोखरलं. शनिवारी सकाळी तो आणि माय कपडे-डबा न्यायला घरी आले. मी आदल्या संध्याकाळीच दवाखान्यातून आलो होतो. वहिनी चहा घेऊन ओसरीवर आली. मायने कप घेतला नाही.

"गुरुवारी कुठी गेली होती वं तू?" मायने विचारलं.

"कुठीच नाई गेली, माय. घरातच होती," वहिनी म्हणाली. "जेवण झाल्यावर बसली ते साडेपाचपावतर टाईप करून राह्यली होती. कूलर चालू होता. मले आवाजच नाई आला."

"नामदेव गला फाटेपर्यंत बोंबलला म्हणते."

"आई शप्पथ, नाई आला."

माय म्हणाली, "मोठ्या बाईले भेटाचं होतं ना तुले? मागचं दार उघडंच राहते."

तिने दादाकडे पाहिलं. दादा दोन रात्री झोपला नव्हता. तो तिच्याकडे न पाहता माझ्याकडे वळला. "संजू, तुले समजते ना त्यातलं? टाईप केलं त त्याची वेळ राहत असंल त्यात. पाय आन् सांग."

आता ह्या वयात मी पुष्कळदा त्या ओसरीवर परत जाऊन बसतो आणि त्या मुलाच्या चेहऱ्याकडे पाहतो. त्याला वाईट वाटत होतं, हे खरं आहे. पण त्याला बरंही वाटत होतं. घरातला सगळ्यात मोठा प्रश्न, आणि त्याचं उत्तर फक्त त्याच्याकडे. मी उठलो, मागच्या खोलीत गेलो, मशीन सुरू केलं. पडद्यावर दोन नावं आली आणि मी माझं लिनक्स निवडलं, कारण मला ते जास्त खात्रीचं वाटे. त्याचं घड्याळ मी मनगटावरच्या घड्याळाशी लावून पाहिलं. मिनिटाचाही फरक नव्हता. मग वहिनीच्या फाइलींची यादी काढली. स्मरणिकेच्या फाइलीसमोर गुरुवारची तारीख होती आणि वेळ होती बारा वाजून चार मिनिटं. मी दोनदा वाचलं. सकाळी दहाच्या पुढे वहिनी घरात एकटीच होती; बाराला टायपिंग संपवणं तिला अगदी शक्य होतं.

ओसरीवर येऊन मी सांगितलं, "बारा वाजून चार मिनिटं. त्यानंतर फाइलले हात लागला नाही."

"सकाळी मी खारोड्या घालत होती," वहिनी म्हणाली. "भाऊजी, पुन्हा एकवार पाहा ना."

"दोनदा पाह्यलं, वहिनी. मशीन कायले खोटं सांगंल?"

हे वाक्य माझं. कोणी माझ्या तोंडात घातलेलं नाही. दादा मान खाली घालून उठला आणि डबा न घेताच फाटकाबाहेर गेला. माय त्याच्यामागे गेली. वहिनी कपबशी हातात धरून तशीच उभी होती. मग तिने तो चहा तुळशीच्या बाजूला मातीत ओतला, कप विसळला, आणि डबा घेऊन त्यांच्या मागे धावली.

त्यानंतर आमच्या घरात भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. स्मरणिका दादाने शाळेत नेऊन दिली. काम मोठ्या बाईंना पसंत पडलं, पण जूनमध्ये त्या खोलीत दुसरीच बाई लागली. जायचं की नाही हे वहिनीला कोणी विचारलं नाही आणि तिनेही विषय काढला नाही. कॉम्प्युटरवर तिने स्वतःच्या हाताने कापड घातलं. बाबा घरी आले ते खाटेवरच. उजवा हात गेलेला, बोलणं फक्त वहिनीला कळायचं. वरणात कुस्करलेली भाकर ती त्यांना चमच्याने भरवायची, तोंड पुसायची, आणि ते काही पुटपुटले की आम्हाला सांगायची, "पाणी मांगून राह्यले," किंवा "रेडिओ लावा म्हणते." आल्यागेल्या माणसांना माय सगळी हकीगत सांगायची आणि शेवटी म्हणायची, "त्या दिवशी घरात कोणी नव्हतं." वहिनी तिथेच बाबांच्या उशाशी बसलेली असायची. हे वाक्य ती सहा वर्षं, बाबा जाईपर्यंत, ऐकत होती. त्यानंतरही ऐकत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी मशीनवरचं कापड काढलं. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायचा होता. सकाळी लिनक्सवर बसलो, आणि दुपारी काही छापायचं म्हणून विंडोज सुरू केलं. बाहेर उन्हं कलली होती आणि पडद्याच्या कोपऱ्यात सकाळचे साडेदहा वाजले होते. मी वेळ नीट करून ठेवली. संध्याकाळी लिनक्स सुरू केलं तर तिथे मध्यरात्र उलटलेली. तिथे नीट केली. दुसऱ्या दिवशी विंडोज पुन्हा मागे. मला वाटलं, आतला बटणासारखा सेल संपला. बुलढाण्याहून नवा आणून बसवला. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग मी वहीत लिहायला लागलो, कधी काय सुरू केलं आणि घड्याळ किती चुकलं. चार-पाच नोंदी झाल्यावर वहीकडे पाहिलं. फरक कधीच कमीजास्त होत नव्हता. दर वेळी बरोबर साडेपाच तास.

साडेपाच तास म्हणजे काय हे शाळेच्या भूगोलात आम्ही घोकलेलं होतं. जागतिक वेळेच्या आपण तेवढे पुढे. मशीनच्या पोटात एकच घड्याळ. विंडोज समजे की ते भारताची वेळ दाखवतं. लिनक्सला मी बुधवारी "हो" म्हणून सांगितलं होतं की ते जागतिक वेळ दाखवतं. म्हणून ते बंद होताना त्या घड्याळात जागतिक वेळ भरून ठेवी आणि स्वतः वाचताना साडेपाच तास मिळवून घेई. त्यामुळे लिनक्समध्ये सगळं बरोबर दिसे, आणि त्यानंतर विंडोज उघडणाऱ्याला साडेपाच तास मागची वेळ मिळे. उपाय दहा मिनिटांचा होता. लिनक्सच्या एका फाइलीत एका ओळीत "हो"च्या जागी "नाही" लिहिलं, वेळ एकदा नीट लावली, मशीन दोनदा बंद-चालू करून दोन्हीकडे पाहिलं. दोन्ही घड्याळं जुळली. मी खूश होऊन खुर्चीत मागे टेकलो, आणि टेकल्या टेकल्या मला ती फाइल आठवली.

बारा वाजून चार. त्यात साडेपाच तास. पाच वाजून चौतीस मिनिटं.

मी ती फाइल पुन्हा उघडली नाही. उघडायची गरज नव्हती. खोलीच्या दाराशी आलो. ओसरीवर दादा पेपर वाचत होता. माय तुरीची डाळ पाखडत होती. बाबा खाटेवर जागे होते. वहिनीने बेसनाच्या पातोड्या केल्या होत्या. तिखट रश्श्याचा वास सगळ्या घरात भरला होता. मी तोंड उघडलं. काय बोलायचं ते जिभेवर होतं. मायने वर पाहिलं आणि म्हणाली, "आला? बस जेवायले, गरम हाये." वहिनीने ताट ठेवलं. मी बसलो. चार पातोड्या खाल्ल्या, वर रस्सा मागून घेतला.

त्या दिवशी का बोललो नाही ह्याची कारणं मी वर्षानुवर्षं जमवली आहेत. बाबांना धक्का बसेल. दादाला बायकोसमोर मान वर करता येणार नाही. मायला ह्या वयात कळून काय उपयोग. आणि तेव्हाचं खरं कारण, जे मी सगळ्यांत शेवटी कबूल केलं: मशीनमधला मी, आणि मलाच मशीन कळलं नव्हतं, हे मला सांगायचं नव्हतं. नंतर नोकरी लागली, पुण्याला गेलो. उशीर जितका वाढत गेला तितकं सांगणं अवघड होत गेलं. बाबा गेले. दहा वर्षांनी माय गेली. जाईपर्यंत तिने वहिनीच्या हातचं खाल्लं, तिच्या हातून डोक्याला तेल लावून घेतलं, आणि तिला माफ केलंय असंच ती समजत होती.

मी सांगितलं ते अगदी अलीकडे. माझी मुलगी आता तेव्हाच्या माझ्या वयाची आहे. सुट्टीत तिला घेऊन देऊळघाटला गेलो होतो. दादा तिला मळा दाखवायला घेऊन गेला. वहिनी ओसरीवर मेथी निवडत बसली होती. केस पांढरे, चष्म्याला दोरी. मी समोर बसलो आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. सीडी, तो प्रश्न, "हो", साडेपाच तास. ती मेथीची पानं खुडत राहिली. माझं संपल्यावर म्हणाली, "मले माहीत हाये."

"कव्हापासून?"

"त्याच दिवशीपासून. बंद करताना कोपऱ्यात बारा वाजले दिसले होते मले. बाहेर त ऊन उतरलं होतं. मी म्हटलं, बिघडलं असंल. तुम्ही ओसरीवर बारा म्हटलं तव्हाच समजलं."

"मग बोलल्या काऊन नाही, वहिनी? तिथंच सांगायचं होतं."

तिने चष्मा वर सरकवला. "काय सांगणार? घड्याळ खोटं हाये म्हणून? तुम्ही आत जाऊन तुमच्या घड्याळासंग लावून पाह्यलं असंल ना, ते बराबर निंघालं असंल. मंग माह्या विंडोजमधलं मागं दिसलं असतं तरी सगळे म्हणले असते, इनंच ते मागं केलं. मले येत होतं ना तेवढं. तुम्हीच शिकवलं होतं."

मी म्हणालो की दादा आला की त्याला सांगतो, आजच सांगतो. मग तिने जुडी खाली ठेवली.

"भाऊजी, एक सांगा," ती म्हणाली. "तुम्ही ते घड्याळ नीट केलं, त्या दिवशी घरात कोण कोण होतं?"

मी म्हणालो, "सगळेच होते."

"बाबा?"

"बाबाही होते. जागे होते."

"हं. बाबाले ऐकू आलं असतं मंग," ती म्हणाली, आणि निवडलेली मेथी पदरात घेऊन आत गेली.